टाकी रिती होताना

मराठीत ‘फायबर’ हा शब्द फारच सैल झालाय. खुर्ची फायबरची, न्हाणीघराचा दरवाजा फायबरचा, गच्चीवरची काळी टाकीही फायबरची. यातलं बहुतेक सगळं साधं प्लास्टिक असतं. गच्चीवरची टाकी तर पॉलिथिलीनची. खरी फायबरची टाकी बघायची तर औद्योगिक वसाहतीत जावं लागतं. काचतंतू आणि रेझिन यांचे थरावर थर चढवून ती बनते, कारखान्यात तिला एफआरपी म्हणतात. बाहेरून रंग दिलेला नसेल तर उन्हाच्या बाजूने तिच्या भिंतीतून आतल्या द्रवाची सावली दिसते, आणि जुना ऑपरेटर लेव्हल काचेकडे न बघता त्या सावलीवरून सांगतो, किती माल उरलाय ते.

ही टाकी भरताना काय काळजी घ्यायची यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. लेव्हलचा अलार्म, ओव्हरफ्लो, टाकीभोवतीची, गळती अडवणारी डाइक वॉल, सगळ्यांची नजर भरण्यावर. रिकामी करण्याचं काम मात्र कामाच्या कागदावर एका ओळीत उरकतं : ‘टाकी रिकामी करून घ्यावी.’ त्या एका ओळीत काय काय दडलंय, त्याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. ‘रिकामी’ हा शब्द या धंद्यातला सगळ्यात फसवा शब्द आहे, आणि बरेचसे अपघात त्या शब्दावर विश्वास ठेवल्यानेच होतात.

आधी टाकीची जात ओळखून घेऊ. काचतंतूंचा उद्योग अमेरिकेत १९३० च्या दशकात उभा राहिला. ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी १९३८ सालची. पुढे पॉलिएस्टर आणि त्यानंतर व्हिनिल एस्टर रेझिन आलं, आणि लोखंड खाणाऱ्या द्रवांना स्वस्तातलं घर मिळालं. आपल्याकडे हायड्रोक्लोरिक अॅसिड, सोडियम हायपोक्लोराइट, फेरिक क्लोराइड, सौम्य गंधकाम्ल ही मंडळी एफआरपीत राहतात. गंमत अशी, की ९८ टक्क्यांचं तीव्र गंधकाम्ल साध्या लोखंडी टाकीत सुखाने राहतं आणि एफआरपीला मात्र जाळून टाकतं. तेच अॅसिड पातळ केलं की लोखंडाला खातं आणि एफआरपीत नांदतं. म्हणून टाकी रिकामी करायची म्हणजे माल कुठे न्यायचा, हा प्रश्न टाकीच्या प्रश्नाइतकाच मोठा. हायड्रोक्लोरिक नेणारा टँकर आतून रबराचा किंवा एफआरपीचा लागतो. घाईत साधा लोखंडी टँकर लावला, तर माल आणि टँकर दोन्ही गेले, वर हायड्रोजन सुटणार तो वेगळाच.

या टाकीच्या भिंतीचे दोन भाग असतात. आतला पातळ थर रेझिनने भरलेला; रसायनाला अडवतो तो हाच. बाहेरचा जाड थर काचेने भरलेला, भार तो उचलतो. आतल्या थराला तडा जाऊ नये म्हणून भिंत किती ताणली जाईल याची मर्यादा आखणी करतानाच ठरवलेली असते. ती हजारात एखाद-दोन भाग इतकीच. लोखंडाला पोचा पडतो आणि तो दिसतो. एफआरपी वाकते, परत सरळ होते, बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र थर तडकलेला असतो. रिकामं करतानाच्या निम्म्या भानगडी या स्वभावातून येतात.

सगळ्यात मोठी भानगड हवेची. टाकीतून जितका माल बाहेर जातो तितकी हवा आत यायला हवी. इतकं साधं गणित, पण ते मोडायला फार काही लागत नाही. तीन मीटर व्यासाची, तीन मीटर उंचीची टाकी घ्या. साधारण वीस हजार लिटरची, आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारी. ती नव्वद टक्के भरलेली आहे, म्हणजे वर दोन हजार लिटर हवा. हवा आत घेणारं तोंड, म्हणजे व्हेंट, बंद आहे आणि पंप चालू केला. वीस लिटर, म्हणजे एक बादलीभर माल बाहेर गेला की वरची हवा एक टक्क्याने विरळ होते, दाब वातावरणापेक्षा शंभरावा हिस्सा कमी होतो. ऐकायला किरकोळ. पाण्याच्या भाषेत तो दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब. पण टाकीचं छत सात चौरस मीटरचं, त्यामुळे त्यावर बाहेरची हवा सातशे किलोंचा भार टाकते. तासाला वीस हजार लिटर ओढणारा पंप असेल तर ही बादली चार सेकंदांत बाहेर पडते. ‘काही झालं तर लगेच बंद करू’ असं म्हणणाऱ्याला चार सेकंद मिळतात.

यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. टाकी जितकी भरलेली, तितका हा धोका मोठा. अर्धी रिकामी असेल तर वर भरपूर हवा असते, तेवढाच दाब कमी व्हायला शे-दीडशे लिटर जावे लागतात. म्हणजे पंप लावल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात अवघड. आणि आपली माणसं नेमकी पहिली काही मिनिटं होज जोडणं, प्रायमिंग करणं, गळती बघणं यात गुंतलेली असतात. टाकीच्या डोक्याकडे कुणी बघत नाही.

ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ (१९२२-२०१३) आयसीआय या रसायन कंपनीत होते. १९८५ साली आलेल्या त्यांच्या ‘व्हॉट वेंट राँग?’ या पुस्तकात टाक्या आत चेपण्याचे किस्से ओळीने आहेत. साध्या साठवण टाकीला जेवढी निर्वात ओढ सोसते ती चहाच्या कपाच्या तळाशी असलेल्या दाबाएवढी, असा त्यांचा हिशेब. ते लोखंडी टाक्यांबद्दल बोलत होते, पण एफआरपीला तो दाखला आणखीच लागू पडतो. व्हेंटवर बांधलेली प्लास्टिकची पिशवी हे त्यांच्याकडचं गाजलेलं उदाहरण. वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, इतका वेडेपणा कोण करेल.

मग एका सप्टेंबरात, कोकणातल्या एका वसाहतीत, तो मी समोर पाहिला. हायड्रोक्लोरिकची टाकी दुरुस्तीसाठी रिकामी करायची होती. पंप सुरू झाला आणि छतातून ‘टक्’ असा आवाज आला, जड भांड्याचं झाकण दाबल्यावर येतो तसा. आमच्या फिटरकाकांनी मान वर केली, छत मधोमध बसलेलं दिसलं, त्यांनी धावत जाऊन पंपाचा स्विच पाडला. क्षणभराने छत परत वर आलं, पुन्हा तोच आवाज. वर चढून पाहिलं तर व्हेंटच्या वाकड्या तोंडाला खताची पिशवी, सुतळीने घट्ट बांधलेली.

“ही कुणी बांधली रे?”

“मीच, साहेब. पाऊस आत जात होता ना.”

पिशवी बांधणाऱ्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. व्हेंटला पावसाची टोपी नव्हती, ती बसवणं आमचं काम होतं. पिशवी काढली, टाकी रिकामी झाली, छत सरळ दिसत होतं म्हणून कुणी आत बारकाईने बघितलं नाही. माल परत भरला. तीन आठवड्यांनी भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या वळणावर ओलसर रेघ आली, मग थेंब. लोखंड असतं तर पोचा पाहून आम्ही त्याच दिवशी थांबलो असतो.

पिशवी निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे अडथळे जास्त. व्हेंटच्या जाळीत गांधीलमाश्यांनी केलेलं घर, जाळीवर साचलेलं मिठाचं कवच. सगळ्यात कावेबाज म्हणजे झोळ. हायड्रोक्लोरिकची वाफ मोकळी सोडू नये, म्हणून बऱ्याच टाक्यांचा व्हेंट वाफ धुणाऱ्या स्क्रबरला जोडलेला असतो आणि जोडणी बहुतेक ठिकाणी लवचीक पाइपची. पाइप दोन आधारांच्या मध्ये झोळ घेतो, त्यात वाफेचं पाणी साचतं. झोळात दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं की हवेला ते आधी ढकलावं लागतं, म्हणजे वरचं सातशे किलोंचं गणित इथेही आलंच. स्क्रबरमधली नळी द्रवात बुडालेली असेल तर टाकी तोच द्रव उलटा ओढून घेते, आणि अॅसिडच्या टाकीत कॉस्टिकचं पाणी येतं. उपाय स्वस्त आहे : रिकामं करण्याआधी मॅनहोलचं झाकण किंवा वरचं एखादं मोकळं नोझल उघडं ठेवायचं आणि वाफेच्या बाजूला माणूस उभा करायचा नाही. बाहेर जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या पाइपाइतका तरी व्हेंट असावा, हा ठोकताळा सगळ्यांना पाठ आहे. तो मोकळा आहे की नाही हे वर चढून बघणारे कमी. आणि चढायचं ते शिडीवरून. एफआरपीच्या छतावर उभं राहायचं नाही. माणसाचं वजन पेलायला ते बनवलेलं आहे असं कुणी कागदावर लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

निर्वात व्हायला पंपच लागतो असंही नाही. नुकती वाफेने धुतलेली, गरम टाकी बंद करून तिच्यावर गार पाण्याचा फवारा मारला की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि जागा रिकामी होते. अमोनियासारखा पाण्यात झटकन विरघळणारा वायू आत असेल तर धुण्याचा पहिला फवाराच टाकी आत ओढू शकतो.

हवेनंतर नोझल. तळाच्या बाजूचं नोझल हा टाकीचा मनगटासारखा भाग. त्याला लटकलेला व्हॉल्व जड, पाइपला आधार नाही, आणि वर्षभर न हललेला व्हॉल्व अडकलेला. मग कुणीतरी पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावतो. व्हॉल्व फिरतो किंवा नोझल मुळातून तडकतं. दुसरं झालं तर वीस हजार लिटर थांबवायला काहीच उरत नाही. अडकलेल्या तळाच्या व्हॉल्वशी झटापट न करता वरून नळी सोडून, एअर डायफ्रॅम पंपाने उपसणं हा कंटाळवाणा आणि शहाणा मार्ग. फ्लँजचे बोल्ट आवळतानाही हीच कथा. लोखंडी फ्लँजच्या सवयीने आवळलं की एफआरपीचा फ्लँज चिरतो. बोल्टखाली वॉशर, पूर्ण तोंडाचं मऊ रबरी गॅस्केट आणि हाताचा अंदाज न घेता मोजून लावलेला जोर, एवढं पुरतं.

आता ‘रिकामी’ या शब्दाकडे येतो. सपाट तळाच्या टाकीला बाहेर जाणारं नोझल तळापासून हातभर नाही तरी वीतभर वर असतं. समजा पंधरा सेंटिमीटर. पंपाने हवा ओढायला सुरुवात केली, ऑपरेटरने वहीत लिहिलं ‘टाकी रिकामी’. आपल्या तीन मीटरच्या टाकीत त्या क्षणी हजार लिटरहून जास्त माल शिल्लक आहे. ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक असेल तर वजनाने बाराशे किलो. कारखान्यात याला ‘हील’ म्हणतात, टाच. टाचेखाली काय राहिलं ते पायाला उशिरा कळतं.

या उरलेल्या मालाचं काय करायचं यावर सगळीकडे एकच उत्तर मिळतं : “थोडा चुना टाका, पाणी मारा.” थोडा म्हणजे किती? त्या बाराशे किलोंत निव्वळ हायड्रोजन क्लोराइड चारशे किलो आहे. तेवढं मारायला विरलेला चुना जवळजवळ तितकाच लागतो. पंचवीस किलोंच्या सोळा-सतरा गोण्या, आणि बाजारातला चुना शुद्ध नसतो म्हणून वर आणखी दोन-तीन. कॉस्टिकने तेच काम केलं तर सुटणारी उष्णता दोन टन पाणी उकळीला आणेल एवढी. ही शेगडी टाकीच्या आत पेटवायची का? आतल्या थराला एकदम चटका बसला की तो फुगतो, फोड येतात, तडकतो. म्हणून उदासीन करण्याचं काम टाकीत नाही, बाहेरच्या खड्ड्यात किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रात (ईटीपीत), थोडं थोडं, ढवळत. सोडा अॅश वापरली तर खोल खड्ड्यात कार्बन डायऑक्साइड साचतो हेही ध्यानात ठेवायचं. आणि त्याआधी हील जितकं उपसता येईल तितकं उपसून वापरात आणायचं. बाराशे किलो अॅसिड पैशाने विकत घेतलेलं असतं, चुन्याला पाजायला नाही. नवी टाकी मागवताना तळाला उतार आणि अगदी खाली एक ड्रेन नोझल मागून घेतलं तर हा अख्खा परिच्छेद लिहायची वेळ येत नाही. खर्च मामुली. तरी ऑर्डर देताना तो कुणाला आठवत नाही, कारण ऑर्डर देणारा माणूस टाकी भरायच्या विचारात असतो.

हीलसोबत गाळही असतो, आणि त्याचा स्वभाव वरच्या मालापेक्षा निराळा असू शकतो. टाकीवरच्या पाटीवर काय लिहिलंय आणि तिच्यात दहा वर्षांत काय काय ठेवलं गेलं, यात फरक पडलेला असतो. पीएचची पट्टी बुडवून बघणं, बाटलीत नमुना घेऊन थोडं पाणी घालून बघणं, ही दहा मिनिटं वाचवू नयेत. निघालेला गाळ घातक कचऱ्यात मोडत असेल तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्याची वाट ठरलेली आहे. गटार ही ती वाट नव्हे.

हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या, टाकीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण ती घातक वाटत नाही. धुण्याचं पाणी वाटतं. हायपो आपोआप विघटित होत ऑक्सिजन सोडत राहतं. रिकामं करून झाल्यावर पाइपातले दोन्ही व्हॉल्व बंद केले, मध्ये हायपो अडकलं, की काही दिवसांनी त्यातला बॉल व्हॉल्व फुटू शकतो. म्हणून हायपोला भोक पाडलेला बॉल घेतात. आणि हायपो व अॅसिड यांची भेट कुठेच होऊ द्यायची नाही, गटारात, डाइकमध्ये, टँकरमध्येही नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या अॅचिसन गावी एमजीपीआय कंपनीत टँकरमधलं गंधकाम्ल चुकून हायपोच्या टाकीत उतरवलं गेलं. क्लोरीनयुक्त वायूचा ढग गावावर गेला, १४० हून अधिक लोकांना डॉक्टर गाठावा लागला. तिथे प्रकार भरण्याचा होता. रिकामं करताना आपण हीच चूक डाइकच्या एका सामाईक नालीत करू शकतो : सकाळी अॅसिडच्या टाकीचं धुणं, दुपारी हायपोचं.

ज्वालाग्राही द्रवांची गोष्ट थोडक्यात. एफआरपी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे वाहत्या सॉल्व्हंटचा स्थिर विद्युतभार जिरत नाही. अशा टाकीत कार्बनचा वाहक थर आणि अर्थिंग आखणीतच हवं. नसेल तर ती टाकी त्या कामाची नाही, हळू उपसून ती तशी होत नाही.

आणि शेवटी माणूस आत उतरतो. ‘टाकीत उतरलेल्या कामगारांचा गुदमरून मृत्यू’ हा मथळा मराठी वर्तमानपत्रांत इतका ओळखीचा झालाय की आपण वाचून पान उलटतो. त्यात बहुधा अनेकवचन असतं, कारण पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३६ याबद्दल स्पष्ट बोलत होतं : आतला वायू काढण्याचे सगळे उपाय झाल्याशिवाय कुणाला आत जाऊ द्यायचं नाही; वर तपासणी करून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला द्यायचा, नाहीतर माणसाने श्वसनयंत्र लावून कमरेला दोर बांधायचा आणि त्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असायचं. कलम ३६-अ हातदिव्याला चोवीस व्होल्टची मर्यादा घालत होतं. प्रत्यक्षात दाखल्यावर आधी सही होते आणि टाकी नंतर धुतली जाते. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली नको, हे मोजायचं ते वर, मध्ये आणि तळाशी, काम चालू असेपर्यंत. मॅनहोलच्या तोंडाशी धरलेलं मीटर मॅनहोलच्या तोंडाची हवा सांगतं.

एफआरपीत उतरणाऱ्यासाठी आणखी एक धोका आहे, जो टाकी अगदी स्वच्छ, कोरडी झाल्यावर सुरू होतो. दुरुस्ती म्हणजे आत ओलं रेझिन, त्यातून सुटणारं स्टायरीन, ते हवेपेक्षा जड आणि पेट घेणारं. २१ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कँटन इथल्या एव्हरग्रीन पॅकेजिंगच्या कागद कारखान्यात, रिकाम्या केलेल्या एका उभ्या पात्रात काचतंतू आणि रेझिनने दुरुस्ती चालू होती. रेझिन गरम करायला विजेची हीट गन वापरत होते, ती रेझिनच्या बादलीत पडली. आग लागली, ज्या पात्रात लागली तिथले कामगार बाहेर पडले, पण त्याला जोडलेल्या शेजारच्या पात्रात काम करणारे दोघे कंत्राटी कामगार गेले. पात्रं तर रिकामीच होती.

आपल्याकडेही आत उतरतो तो बहुतेक कंत्राटदाराचा माणूस. दुरुस्तीसाठी आलेल्या टोळीला टाकीत आधी काय होतं हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि विचारलं तर पुढचं काम दुसऱ्या टोळीला जातं. गॅस मीटर कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात, तो रजेवर. या विषयावरचं तांत्रिक साहित्य व्हॉल्व, व्हेंट, रेझिन यांवर उत्तम आहे. या किल्लीबद्दल त्यात फारसं सापडत नाही.

एवढं सगळं नीट करून टाकी खरोखर रिकामी झाली, धुतली, वाळली, तरी कोकणात एक गोष्ट उरते. पावसाळ्याआधी दुरुस्तीला म्हणून टाकी मोकळी ठेवतात, काम लांबतं, जून उजाडतो. डाइकचा ड्रेन व्हॉल्व नियमाप्रमाणे बंद असतो, त्यामुळे डाइकमध्ये पाणी चढतं. अर्धा मीटर पाण्यात तीन मीटर व्यासाच्या टाकीला वर ढकलणारं बळ साडेतीन टनांचं. टाकीचं स्वतःचं वजन टनाच्या आतबाहेर. पायाचे बोल्ट गंजलेले, काहींचे नट दुरुस्तीवाल्यांनी काढून ठेवलेले. टाकी उचलली जाते, हळूच एका बाजूला कलते, आणि तिला जोडलेले शेजारच्या भरलेल्या टाकीचे पाइप सोबत ओढते. आमच्या फिटरकाकांची यावर एक रीत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्तीत अडकलेली टाकी दिसली की मॅनहोल लावून घ्यायचे आणि व्हेंट मोकळा ठेवून तिच्यात साधं पाणी भरायचे, मीटरभर. वहीत ‘रिकामी’ खोडून त्यांनी लिहिलेलं ‘पाणी १ मी.’ मी अनेकदा वाचलंय, शाई पावसाने फुटलेली.